इंजिन बदलले, घाट तोच राहिला

आसनगाव स्टेशनातून कसाऱ्याच्या दिशेने जाणाऱ्या गाड्यांना ज्या प्रकारची विद्युत इंजिने लागतात त्यांत डब्ल्यूएजी-९ आणि डब्ल्यूएपी-७ ही दोन नावे महत्त्वाची आहेत. पहिले मालगाडीचे, दुसरे प्रवासी गाडीचे. दोन्हींची शक्ती सहा हजार अश्वशक्तीच्या घरात आहे, कारण दुसरे पहिल्यावरूनच बेतलेले आहे. त्यांच्यातला कळीचा फरक चाकाच्या आसावर बसवलेल्या दातेरी चक्रांत आहे. मालगाडीच्या इंजिनात मोटरच्या १५ दात्यांना आसावरचे ७७ दाते पडतात, म्हणजे चाक एकदा फिरायला मोटर पाच वेळांहून थोडी जास्त फिरते. प्रवासी इंजिनात हेच प्रमाण २० ला ७२, म्हणजे ३.६ आहे. एवढ्या बदलाने एक इंजिन ताशी १०० किलोमीटरच्या वेगावर थांबून जड ओझे ओढते आणि दुसरे १४० पर्यंत धावते. दोन्ही गोष्टी एकाच दातेरी जोडीतून मिळवणे रेल्वेलाही जमलेले नाही. १८६५ मध्ये खुल्या झालेल्या कसारा-इगतपुरी मार्गावर ३७ मीटरला एक मीटर असा चढ आहे, आणि तिथे जड गाड्यांना आजही मागून बँकर इंजिने लावावी लागतात. जुन्या व्हॅनमध्ये किंवा जीपमध्ये डिझेल इंजिन बसवणाऱ्याने सर्वांत आधी ही गोष्ट समजून घ्यायला हवी. गिअर शक्ती निर्माण करत नाही. हाती असलेली शक्ती वेगासाठी खर्च करायची की ओढीसाठी, एवढेच तो ठरवतो.

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत, तसे पाहिले तर साऱ्या महाराष्ट्रात, इंजिन बदलण्याच्या या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. महिंद्राने विलीज कंपनीच्या परवान्याने बनवलेल्या जीपमध्ये २.२ लिटरचे हरिकेन पेट्रोल इंजिन असे. जीपच्याच घराण्यातल्या सपाट तोंडाच्या गाड्या आणि मिनीबसही बनल्या. पेट्रोल महाग होत गेले तशी ही इंजिने निघाली आणि त्यांच्या जागी ट्रॅक्टरची, प्यूजोची, पुढे महिंद्राचीच अडीच लिटरची डीआय डिझेल इंजिने बसली. महिंद्राने स्वतः प्यूजोच्या डिझेल इंजिनाचा परवाना १९७९ मध्ये घेतला, पण गॅरेजवाल्यांनी कारखान्याची वाट पाहिली नव्हती. इंजिन बसवण्याचे कौशल्य त्यांच्याकडे भरपूर होते आणि आहे. माउंटिंग, क्लच, रेडिएटर, सायलेन्सर यांवर ते दिवस घालवतात. मागच्या हाउसिंगमधल्या क्राऊन-पिनियनचा, म्हणजे चाकांना फिरवणाऱ्या शेवटच्या दातेरी जोडीचा, विचार मात्र बहुधा शेवटी होतो, तोही ‘गाडी हायवेला दमते’ अशी तक्रार आल्यावर. माझे म्हणणे असे की हा विचार सर्वांत आधी व्हायला हवा, आणि त्याची सुरुवात हायवेपासून नव्हे, घाटापासून व्हायला हवी.

आकडे मांडून पाहू. हरिकेन इंजिनाची कमाल शक्ती साधारण ७५ अश्वशक्ती, तीही मिनिटाला ४००० फेऱ्यांवर, आणि त्याचा टॉर्क, म्हणजे शाफ्टला पिळण्याचा जोर, सुमारे १५५ न्यूटन-मीटर. त्याच्या जागी आलेले डीआय डिझेल ६३ च्या आसपास अश्वशक्तीचे, तीही ३२०० फेऱ्यांनाच, पण टॉर्क १८० च्या घरात आणि तो १५०० फेऱ्यांच्या आसपासच मिळणारा. जुन्या जीपच्या हाउसिंगमधले प्रमाण ५.३८ असे, म्हणजे टॉप गिअरमध्ये इंजिनाच्या ५.३८ फेऱ्यांना चाकाची एक फेरी. टायर एका फेरीत २.१ मीटर पुढे जातो असे धरले तर पेट्रोल इंजिन ४००० फेऱ्यांवर ताशी ९४ किलोमीटरपर्यंत पोहोचू शके. त्याच हाउसिंगवर डिझेल ३२०० फेऱ्यांवर ७५ ला अडकते. गाडी दमते ती इथे. यावर सोपा तोडगा ४.२७ च्या क्राऊन-पिनियनचा. ते बसवले की ३२०० फेऱ्यांवर पुन्हा ९४ मिळतात आणि हिशेब जुळल्यासारखा वाटतो.

तो घाटात मोडतो. डोंगरी रस्त्यांसाठी आपल्या रोड काँग्रेसच्या मानकांत नेहमीचा चढ पाच टक्के धरला आहे आणि अपवाद म्हणून सात टक्क्यांपर्यंत सूट आहे. माणसे आणि माल धरून अडीच टन वजनाची गाडी सात टक्के चढावर नेण्यासाठी चढाचे १७५ किलो आणि टायर-रस्त्याच्या घर्षणाचे ३७ किलो, अशी २१२ किलोची ओढ चाकाशी लागते. जुने पेट्रोल इंजिन ५.३८ वर टॉप गिअरमध्ये, त्याच्या सर्वोत्तम फेऱ्यांना, गिअर-शाफ्टमधली घट वजा जाता सुमारे २२४ किलो देत असे, म्हणजे जेमतेम पुरे. नवे डिझेल ४.२७ वर २०६ किलो देते, म्हणजे अपुरे. टॉर्क वाढूनही ओढ घटली, कारण वाढलेला टॉर्क क्राऊन-पिनियनने परत काढून घेतला. टॉर्क १५५ चा १८० झाला म्हणजे सोळा टक्के वाढला. जुनी ओढ शाबूत ठेवायची तर ५.३८ ला त्याच पटीने भागता येते, आणि उत्तर ४.६३ येते. जुना वेग परत मिळवायचा तर ते ४.३० पर्यंत उतरवावे लागते. या दोन आकड्यांमधली दरी शक्तीतल्या फरकातून येते, ७५ आणि ६३ यांच्यातल्या. ती कोणतेही दाते भरून काढू शकत नाहीत. म्हणून दोहोंपैकी एक सोडावे लागते, आणि या भागात वेग सोडावा असे मला ठामपणे वाटते. जीपच्या कुळात मिळणाऱ्या प्रमाणांपैकी ४.८८ घेतले तर ओढ २३५ किलो, म्हणजे जुन्यापेक्षा थोडी जास्तच, आणि ३२०० फेऱ्यांना वेग ८३. किन्हवली, डोळखांब, सरळगाव, धसई या बाजूंना भाजी, गवताचे भारे किंवा विटा घेऊन जाणाऱ्या गाडीला ८३ च्या वर जायची संधीच कितीशी मिळते?

यावर पहिला आक्षेप ॲव्हरेजचा येतो, आणि तो बिनबुडाचा नाही. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवर, बऱ्यापैकी ओझ्याखाली, सर्वांत काटकसरीने चालते, हे खरे. पण ते पुरेशा ओढीच्या आत असेल तेव्हाच खरे. चढावर फेऱ्या हजाराच्या खाली घसरल्या, इंजिन धडधडू लागले आणि काळा धूर आला की इंधन अर्धवट जळत असते, आणि क्लच, गिअरपेटी, प्रोपेलर शाफ्टचे जॉइंट या साऱ्यांवर प्रत्येक स्फोटाचा हिसका बसतो. मग चालक गिअर उतरवतो. जुन्या तीन गिअरच्या पेटीत टॉपखालचा गिअर १.५५ चा, म्हणजे फेऱ्या एकदम दीडपट. हलक्या प्रमाणाच्या हाउसिंगने सपाटीवर वाचवलेले डिझेल असे घाटात परत जाते. शहापूर ते नाशिक रोज करणाऱ्याचा आणि शहापूर ते भिवंडी करणाऱ्याचा हिशेब म्हणूनच वेगळा निघेल. कसाऱ्याच्या वर कधीच न जाणाऱ्या, हलक्या मालाच्या गाडीला ४.२७ चालूही शकेल.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. हाउसिंगला हात न लावता पाच गिअरची पेटी बसवा, पाचवा ओव्हरड्राइव्ह असतो, वेगही मिळेल आणि ओढही राहील, असे जाणते मेकॅनिक सांगतात. ते बरोबर सांगतात. पाचवा ०.८ चा धरला तर ५.३८ चे ४.३० होते आणि चौथ्यात ५.३८ हाताशी राहते. माझी भर एवढीच की अशा पेट्यांचा पहिला गिअर खोल असतो. तो चारच्या आसपास असेल तर ५.३८ वर पहिल्या गिअरची दौड ताशी १९ ला संपते, आणि रोजच्या वापरात तो गिअर वायाच जातो. त्याच पेटीमागे ४.८८ ठेवले तर पहिला गिअर उपयोगाचा राहतो आणि पाचव्यात ताशी ८० ला इंजिन अडीच हजार फेऱ्यांच्या आत फिरते. पेटी, अर्थात, नव्या टॉर्कला पुरणारी हवी, आणि तिच्या लांबीमुळे आखूड होणाऱ्या शाफ्टचा कोनही तपासायला हवा. टायर मोठे घालून हेच साधण्याची पद्धत मात्र वाईट. घेर आठ टक्के वाढला की प्रमाण तेवढेच हलके होते खरे, पण ब्रेकचा जोरही त्याच मानाने कमी पडतो आणि स्पीडोमीटर खोटे बोलू लागतो.

ब्रेकचा विषय निघाला की चढापेक्षा उतार गंभीर ठरतो. माळशेजहून मुरबाडकडे किंवा कसारा घाटातून खाली येताना पेट्रोल गाडीत पाय उचलला की थ्रॉटल बंद होतो, इंजिनाला हवा ओढायला श्रम पडतात आणि गाडी मागे खेचली जाते. साध्या डिझेलमध्ये हवेच्या वाटेवर असा पडदा नसतो, म्हणून तेवढ्याच फेऱ्यांना त्याची रोखून धरण्याची ताकद कमी असते. त्यावर हाउसिंग हलके केले तर ती आणखी घटते, आणि भार थेट ब्रेकच्या लायनरवर येतो. उतारावर खालचा गिअर टाकला तर चाके इंजिनाला फिरवतात. गव्हर्नर फक्त डिझेल तोडू शकतो, फेऱ्या रोखू शकत नाही. ४००० सोसणाऱ्या पेट्रोल इंजिनाची जी गिअरची सवय चालकाला होती ती ३२०० च्या इंजिनाला जड जाते. खालच्या गिअरमधली पायरी इथे जपून निवडावी लागते, आणि ४.२७ च्या विरोधातला सर्वांत मोठा पुरावा मला याच उतारावर दिसतो.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल सर्वसाधारणपणे करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कडकपणे वाचले आहे. त्यामुळे वेगळ्या जातीचे इंजिन घालण्याआधी आरटीओकडे विचारणा हवी. नोंद नसलेल्या इंजिनाच्या गाडीचा विमा अपघातानंतर वादात सापडू शकतो.

आता राहिली खरेदी. क्राऊन-पिनियन बहुधा भंगारातल्या हाउसिंगमधून येते आणि विकणाऱ्याच्या शब्दावर घेतले जाते. तसे घेऊ नये. मागचे झाकण उघडून दाते मोजावेत. जीपच्या कुळात ४३ ला ८ म्हणजे ५.३८, ३९ ला ८ म्हणजे ४.८८ आणि ४७ ला ११ म्हणजे ४.२७. झाकण उघडणे शक्य नसेल तर दोन्ही चाके उचलून ती बरोबरीने एक पूर्ण फेरी फिरवावीत आणि शाफ्ट किती वेळा फिरतो ते खडूच्या खुणेने पाहावे. गाडी फोर व्हील असेल तर पुढच्या हाउसिंगचे प्रमाणही तेच हवे. नाहीतर फोर व्हील टाकताच पुढची आणि मागची चाके एकमेकांशी झुंजतात आणि ट्रान्स्फर केस फुटते.