पाऊणपट तिथी आणि ईस्टरचा रविवार

श्रद्धा, शास्त्र आणि रोजचं जगणं : लेखांक ९

मुरुडच्या मासळी बाजारात परवा एका ओळखीच्या नाखवाने अडवलं. “मास्तर, तुमचा नाताळ कसा, पंचवीस डिसेंबर म्हणजे पंचवीस डिसेंबर. मग ईस्टरच का असा फिरतो? कधी मार्चात, कधी एप्रिलात?”

मी उलट विचारलं, “नाखवा, आज भरती कितीला?”

“चतुर्थी ना? मग तीनला.”

चाराची पाऊणपट तीन. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसालाही या किनाऱ्यावर हे गणित येतं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. थोडंफार इकडेतिकडे, पण होडी लोटायला तेवढं पुरतं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांगाची लहान भरती. डोल जाळी तर पाण्याच्या ओढीवरच मासे भरून घेते. भांगाला ओढ मंदावली की जाळंही सुस्त. म्हणजे घरातली चूल चंद्रावर चालते. ईस्टरही त्याच चंद्रावर चालतो.

नियम असा : २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची, आणि तिच्यानंतरचा रविवार तो ईस्टर. पौर्णिमा रविवारीच आली तर पुढचा रविवार. येशूला क्रूसावर दिलं ते यहुद्यांच्या वल्हांडणाच्या सुमारास, आणि वल्हांडण म्हणजे वसंतातली पौर्णिमा. हे समजायला इस्राएलपर्यंत जायला नको. आपल्या अलिबाग-रेवदंड्याकडच्या बेने इस्राएलांनी, ज्यांना गावकरी शनवार तेली म्हणत, हा सण पिढ्यान्‌पिढ्या पाळला. मूळ नाव विसरले, तरी आंबट कालवणाचं भांडं झाकून ठेवायचा सण म्हणून तो टिकला. आंबवलेलं खायचं नाही, ही मूळ गोष्ट त्यात बरोबर राहिली.

नियम सोपा, पाळणं कठीण. ज्युलियन वर्ष खऱ्या सौरवर्षापेक्षा सुमारे ११ मिनिटांनी मोठं होतं. एका आयुष्यात कळणारही नाही एवढी ही चूक. पण ३२५ सालच्या नायसियाच्या परिषदेपासून सोळाव्या शतकापर्यंत ती साचत गेली आणि वसंतसंपात, म्हणजे वसंतात दिवस-रात्र सारखे होण्याचा क्षण, २१ मार्चपासून १० दिवसांनी मागे सरकला. ईस्टर चुकतोय, म्हणजे उपासकाळ चुकतोय, म्हणजे लोक भलत्याच दिवशी मांस खातायत, अशी ती काळजी! लिलियस या इटालियन वैद्याने तोड सुचवली, क्लाव्हियस या येशूसंघीय गणितज्ञाने ती तपासून पुढे मांडली, आणि १५८२ साली तेराव्या ग्रेगरी पोपने ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आणला. आज आपल्या भिंतीवर लटकतं ते हेच कॅलेंडर.

आपल्याकडेही ही घसरण आहेच. संक्रांत १४-१५ जानेवारीला येते, पण सूर्य उत्तरेकडे वळतो २१-२२ डिसेंबरला. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी एकोणिसाव्या शतकात संपातापासून मोजणाऱ्या सायन पंचांगासाठी खटपट केली. ते मुरुडचे; पण आपल्या नव्हे, दापोलीजवळच्या मुरुडचे. (हा घोटाळा इतक्यांदा ऐकलाय की आधीच सांगून टाकतो.) लोकांनी मात्र संक्रांत हलवली नाही. पोपने १० दिवस गाळले आणि इथे कुणी एक तीळ हलू दिला नाही.

याच क्लाव्हियसने साक्रोबोस्को या तेराव्या शतकातल्या लेखकाच्या खगोलाच्या पाठ्यपुस्तकावर जाडजूड भाष्य लिहिलं होतं. त्या मूळ पुस्तकात एक जागा मला फार आवडते. येशू क्रूसावर असताना भर दुपारी अंधार पडला, असं शुभवर्तमान सांगतं. मग ते सूर्यग्रहण होतं का? साक्रोबोस्को म्हणतो, शक्य नाही. सूर्यग्रहण अमावास्येलाच लागतं आणि वल्हांडण पौर्णिमेला. म्हणून तो अंधार निसर्गातला नव्हे, चमत्कार. चमत्कार मानायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण ग्रहणाची सोयीस्कर पळवाट गणिताच्या जोरावर आधी स्वतःच बंद करायची आणि मग श्रद्धेची गोष्ट बोलायची, हा प्रामाणिकपणा आजच्या कितीतरी व्हॉट्सॲप पंडितांकडे नाही.

पंडितच नव्हे, थोर शास्त्रज्ञही चुकतो. गॅलिलिओवर चर्चने अन्याय केला, यात वाद नाही. पण १६३२ च्या त्याच्या संवादग्रंथात भरतीचं कारण त्याने पृथ्वीच्या हालचालीत शोधलं, आणि चंद्राचा संबंध लावणाऱ्या केप्लरची टर उडवली. दिवसातून दोनदा भरती का येते, हे पटवताना त्याची बरीच ओढाताण झाली. आमच्या नाखवाने त्याला पहिल्याच दिवशी अडवलं असतं.

चर्चचा चंद्र मात्र आकाशातला नाही, कोष्टकातला. १९ वर्षांत २३५ चांद्रमास हा त्याचा पाया. आपले १९ वर्षांतले ७ अधिकमास याच हिशेबातून येतात. कोष्टक कधी कधी फसतं. २०१९ साली होळीची पौर्णिमा २१ मार्चला सकाळी पुरी झाली, संपात त्याआधी काही तास होऊन गेला होता. आकाश पाहून ठरवायचं तर ईस्टर २४ मार्चला. कोष्टकाने पौर्णिमा २० ला मानली आणि ईस्टर गेला २१ एप्रिलला. त्या वर्षी गुड फ्रायडे आणि हनुमान जयंती एकाच दिवशी आली.

नाखवाला एवढं सगळं सांगितलं नाही. कोर्लईचं सांगितलं. मुरुड-रेवदंडा रस्त्यावरच्या त्या गावातून पोर्तुगीज १७४० साली गेले, पण त्यांच्या भाषेतून घडलेली बोली गावातल्या ख्रिस्ती घरांत राहिली. तिथे २०२३ साली गुड फ्रायडे ७ एप्रिलला होता, आदल्या दिवशी चैत्री पौर्णिमा.

“म्हणजे प्रतिपदा,” नाखवा म्हणाला. “पाणी पाऊण वाजता भरलं.”

“आणि चर्चमध्ये दुःखसहनाची प्रार्थना तीनला.”

त्याने टोपलीवरचं फडकं नीट केलं. “तीनला पाणी चांगलंच उतरलेलं असणार. उधाणाची ओहोटी ती, लांबवर जाते. होड्या गाळात बसल्या असतील.”