दुसऱ्याच्या घरट्यात, नेमक्या दिवशी

कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते, हे आपल्याकडे लहान मूलही सांगेल. पण कोणत्या घरट्यात आणि केव्हा, हा खरा प्रश्न. घाई केली तर यजमान पक्षी परकं अंडं फेकून देण्याची किंवा घरटंच सोडून जाण्याची शक्यता असते. उशीर केला तर पिल्लू यजमानाच्या वाढलेल्या पिल्लांपुढे उपाशी राहतं. म्हणून मला वाटतं, असे पक्षी जागेइतकाच दिवसही निवडतात, आणि ही निवड स्मरणशक्तीवर उभी असते. याचा उत्तम पुरावा उत्तर अमेरिकेतल्या तपकिरी डोक्याच्या काउबर्डकडे मिळतो. मादी दिवसा झाडीतून इतरांची घरटी हेरते. अंडं घालायला मात्र पहाटे, उजाडण्याआधी येते आणि मिनिटभरात निघून जाते. त्या अंधारात शोधाशोध शक्यच नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माद्यांना अंड्यांची संख्या बदलत जाणारी घरटी दाखवली गेली. मधे जितके दिवस गेले तितकीच अंडी वाढलेली घरटी त्यांनी पसंत केली. अंडी त्याहून कमी वाढली, तर यजमान उबवायला बसला असण्याचा संभव असतो. म्हणजे मादीला घरट्याची जागा, आधीचा आकडा आणि मधला काळ, तिन्ही लक्षात ठेवावं लागतं.

यावर कुणी म्हणेल, हा बुद्धीचा भाग कशावरून? स्थळांची आठवण सांभाळणारा मेंदूतला भाग, हिप्पोकॅम्पस, या जातीच्या मादीत नरापेक्षा मोठा असतो. पण तो फरक लिंगभेदामुळेही असू शकतो. दक्षिण अमेरिकेतले तिचे नातलग या शंकेचं उत्तर देतात. चकाकत्या काउबर्डमध्ये घरटी मादी एकटी शोधते आणि तिथेही तिचाच हिप्पोकॅम्पस मोठा. किंचाळ्या काउबर्डमध्ये नर-मादी जोडीने शोधतात आणि तिथे हा फरक दिसत नाही.

दुसरी हरकत अधिक वजनाची आहे. काउबर्डची अंडी दोनशेहून अधिक जातींच्या घरट्यांत आढळली आहेत. त्यात अंडं बाहेर फेकणारा अमेरिकन रॉबिन आहे आणि पिल्लांना बियाच भरवणारा गोल्डफिंचही, ज्याच्याकडे काउबर्डचं पिल्लू क्वचितच तगतं. निवड इतकी काटेकोर, तर अशा चुका का? कारण एक मादी हंगामात चाळीसपर्यंत अंडी घालू शकते, आणि तयार झालेलं अंडं थांबत नाही. योग्य अवस्थेतलं घरटं त्या पहाटे हाताशी नसेल, तर ते मिळेल तिथे जातं. मला या चुका निवडीविरुद्धचा पुरावा वाटत नाहीत. एकाच वेळी अनेक घरट्यांवर नजर ठेवण्याची मादीला एवढी गरज का, ते त्यांतूनच कळतं.