उन्हाळा आला, झीरो मारा?

लेखमाला : घरातलं शेपटीवालं माणूस – लेखांक ६

नखांवरच्या गेल्या लेखानंतर जी पत्रं आली, त्यांतल्या बऱ्याच पत्रांत नखांचा विषय दोन ओळींत आटोपून गाडी केसांवर आली होती. सोफ्यावर केस, भातात केस, इस्त्रीच्या शर्टावर केस. तेव्हा या आठवड्यात केसच.

मार्च संपत आला की पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही ग्रूमिंग पार्लरमध्ये एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘दादा, उन्हाळा लागलाय, झीरोच मारून टाका.’ टेबलावर हस्की असतो, गोल्डन रिट्रीव्हर असतो, नाहीतर आपण ज्याला सरसकट ‘पॉम’ म्हणतो तो पांढरा स्पिट्झ. सांगणाऱ्याला त्याची दया आलेली असते. पण हा झीरो कट कुत्र्यापेक्षा मालकालाच जास्त गारवा देतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. घाम गाळून गारवा देणाऱ्या ग्रंथी त्याच्या पंजांच्या गाद्यांत तेवढ्या असतात, आणि त्यांचा उपयोग जेमतेमच. अंगातली उष्णता तो धापा टाकून बाहेर काढतो. केस बारीक केल्यावर मानेवरचा घाम वाऱ्याने वाळतो आणि आपल्याला बरं वाटतं, ते सुख त्याच्या नशिबी नाही.

हस्की, गोल्डन, जर्मन शेफर्ड, स्पिट्झ, एवढंच काय आपला लॅब्रेडॉरसुद्धा, या सगळ्यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे केस लांब आणि राठ, खालची लव दाट आणि मऊ. लवेत हवा अडकून राहते. ती हवा थंडीत आतली ऊब जपते आणि उन्हात बाहेरची झळ लगेच कातडीपर्यंत येऊ देत नाही. वरच्या राठ केसांवर पाऊस आणि ऊन झेललं जातं. हे सगळं मशिनने साफ केलं की खालची फिकट कातडी थेट एप्रिलच्या उन्हात येते, आणि कुत्र्याची कातडीही उन्हाने चांगलीच भाजते.

त्यातून केस पूर्ववत येतीलच असंही नाही. हस्की, सामोयेड, स्पिट्झ अशा जातींत कापलेल्या जागी महिनोन्‌महिने, कधी वर्षभर, केस फुटतच नाहीत. पशुवैद्यांना हा प्रकार चांगला माहीत आहे. काहींना आधी लव येते आणि राठ केस मागाहून येतात. मग अंग कापसासारखं लागतं आणि पूर्वीपेक्षा जास्त गुंततं.

मग उकाड्याचं काय करायचं? अशा कुत्र्यांना खरा त्रास होतो तो गळून आतच अडकलेल्या लवेचा. ती साचली की कातडीपर्यंत वारा पोचत नाही. रुंद दातांचा रेक घेऊन ती उपसावी लागते. पार्लरमध्ये जोरदार वाऱ्याच्या ड्रायरने ती उडवतात, तेव्हा खोलीत अक्षरशः बर्फ पडतो. केस एकही कापलेला नसतो, तरी कुत्रा निम्म्याने बारीक दिसायला लागतो. पार्लरमध्ये ‘झीरो’ऐवजी ‘डीशेडिंग’ मागा, म्हणजे हेच मिळेल. ही गळती बरीचशी दिवसाच्या लांबीवर चालते. फ्लॅटमध्ये मात्र रात्री अकरापर्यंत दिवे लख्ख, एसी चालू. मग केस बाराही महिने गळत राहतात.

दुसरी तऱ्हा शिह त्झू, ल्हासा अॅप्सो, माल्टीज आणि पूडल यांची. यांचे केस आपल्या डोक्यावरच्या केसांसारखे वाढतच राहतात, त्यामुळे त्यांना कात्री लावायला हरकत नाही, लावायलाच हवी. रोज विंचरायला वेळ नसेल तर सरळ आखूड कट ठेवा. प्रदर्शनातल्यासारखे जमिनीवर लोळणारे केस ठेवून आत गुंता पोसण्यापेक्षा ते केव्हाही बरं. देशी कुत्रं किंवा सोलापूर-लातूरकडचा कारवानी घरी असेल तर आठवड्यातून एकदा रबरी ब्रश फिरवला की झालं. कारवानीचाच भाऊबंद पश्मी. त्याच्या कानांवर आणि पायांवर रेशमी झालर असते, तिथे मात्र फणी लागते.

आता गुंत्याकडे येऊ, कारण पार्लरमधली बहुतेक भांडणं त्याच्यावरूनच होतात. टेबलावर शिह त्झू आहे, वरून पाहिलं तर छान फुललेला. बाई म्हणतात, मी रोज ब्रश करते. ग्रूमर काही बोलत नाही. स्टीलची फणी घेतो, कानामागे कातडीला टेकवतो आणि बाहेर ओढायला जातो. फणी जागच्या जागी अडते. काखेत अडते, हार्नेसच्या पट्ट्याखाली अडते, शेपटीच्या बुडाशी अडते. बाई खोटं बोलत नसतात. त्यांचा ब्रश रोज वरच्या बोटभर केसांतून फिरत आलेला असतो आणि त्याच्या खाली लोकरीचा नमदा तयार झालेला असतो.

विंचरायची पद्धत ठरलेली आहे. डाव्या हाताने केस वर उचलून दाबून धरायचे, खालची एकच ओळ मोकळी सोडायची. ती कातडीपासून टोकापर्यंत विंचरायची. मग वरची पुढची ओळ सोडायची. कातडीची रेघ दिसत नसेल तर तुम्ही नुसते वरवर फिरताय. आधी स्लिकर ब्रश, शेवटी फणी. फणी बुडापासून टोकापर्यंत न अडता गेली की काम झालं.

गुंता असताना आंघोळ घालू नका. ओला होऊन वाळला की तो आवळून बसतो आणि काल जो बोटांनी सुटला असता तो आज मशिनशिवाय निघत नाही. आणि घरातली कात्री तर मुळीच चालवू नका. गुंत्यात कातडी वर ओढली गेलेली असते. कुठे केस संपले आणि कुठे कातडी सुरू झाली हे बोटांनाही कळत नाही. मांजराची कातडी तर इतकी पातळ की एका चुकीत टाके घालायची वेळ येते. जाणता ग्रूमर दहा नंबरचं ब्लेड लावतो. ते सुमारे दीड मिलिमीटर केस मागे ठेवतं आणि कातडी सहसा आत ओढून घेत नाही. मशिन चालून तापतं, म्हणून तो मधूनमधून ब्लेड आपल्या मनगटाला लावून पाहतो. असं करणारा माणूस दिसला की त्याचा नंबर जपून ठेवा.

सगळं अंगच गुंत्याने आवळलेलं असेल तर तिथे झीरो कट बरोबर आहे. अशा जनावराचा गुंता तासन्‌तास ओढून सोडवणं म्हणजे निव्वळ छळ. मात्र खाली लाल, सोललेली कातडी निघू शकते. कानावरचा जड गुंता उतरला की कुत्रं जोरजोरात कान फडफडवतं आणि कानाच्या टोकाशी रक्त साकळतं. चांगला ग्रूमर हे मशिन लावायच्या आधी सांगतो. नंतर सांगितलं तर ती सबब वाटते.

जूननंतर प्रश्न बदलतो. कोकणात आणि मुंबईत जुलैमध्ये टॉवेल वाळत नाहीत, तिथे लवेचं काय! फिरून आल्यावर वरचे केस पुसून भागत नाही. लव दमट राहिली की गोल्डन किंवा शेफर्डच्या अंगावर एका रात्रीत तळहाताएवढा ओला, लालबुंद चट्टा उठतो. त्याला ‘हॉट स्पॉट’ म्हणतात. गुंत्याखाली जखम चिघळली आणि माशी बसली तर अळ्या पडतात. पावसाळ्यात पशुवैद्यांकडे अशी जनावरं नेहमी येतात, आणि त्यांत लाडाकोडात वाढलेलीही असतात. तेव्हा पावसाळ्यात आंघोळी कमी आणि वाळवणं जास्त. शाम्पू कुत्र्याचाच वापरा. आपली कातडी आम्लधर्मी, त्याची जवळपास उदासीन, त्यामुळे आपला शाम्पू त्याला चरचरतो. पाण्यात टोपणभर जंतुनाशक घालायची सवय असेल तर तीही सोडा. त्यातली फिनॉलच्या जातीची द्रव्यं मांजराला विषारी आहेत.

मांजर स्वतःला चाटून साफ ठेवतं, हे खरं. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमधल्या अॅलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी 2018 मध्ये दाखवून दिलं, की मांजराच्या जिभेवरच्या काट्यांची टोकं पन्हाळीसारखी पोकळ असतात. त्यांत लाळ भरते आणि ती केसांच्या बुडाशी नेऊन सोडली जाते. पण त्याच अभ्यासात पर्शियन मांजराच्या बाबतीत हे काटे कातडीपर्यंत पोचत नसल्याचं दिसलं. त्याचे केस दाबून तेवढे खाली बसतच नाहीत. माणसाने हौसेने असे केस वाढवले, आता रोजची फणीही माणसानेच धरायची. साध्या आखूड केसांच्या मांजराला आंघोळीची गरज सहसा नसते. म्हाताऱ्या किंवा लठ्ठ मांजराच्या पाठीवर, शेपटीच्या वर गुंता दिसू लागला तर आधी पशुवैद्य गाठा. सांधे दुखत असल्यामुळे किंवा वजनामुळे त्याला तिथवर वळता येत नसेल. ‘शांत राहायची गोळी’ पार्लरवाला द्यायला लागला तर मांजर उचला आणि बाहेर पडा. ते काम पशुवैद्याचं.

विंचरताना गोचीड सापडेलच. कानाच्या घडीत, बोटांच्या बेचक्यात जरूर बघा. चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढा. रॉकेल नको, उदबत्तीचा चटका तर नकोच. गोचिडांमुळे येणारा ‘टिक फीव्हर’ जिवावर बेततो, म्हणून औषध लावावंच लागतं. पण कुत्र्याचं औषध मांजराला कधीही लावू नका. त्यात परमेथ्रीन असेल तर मांजराला झटके येतात आणि ते मरूही शकतं. दोघं एका गादीवर झोपत असतील तर औषध लावलेला कुत्रा पूर्ण वाळेपर्यंत वेगळा ठेवा.

पार्लर निवडताना दरपत्रक नंतर वाचा. आधी विचारा, वाळवता कसं? गरम हवेच्या बंद पिंजऱ्यात कोंडत असतील तर तिथे जाऊ नका. पगसारखी चपट्या नाकाची कुत्री आणि पर्शियन मांजरं अशा पिंजऱ्यात गुदमरून दगावू शकतात. मग विचारा, ब्लेड आणि फण्या दोन जनावरांच्या मध्ये निर्जंतुक करता का? मांजराचा नायटा फणीवरून पसरतो आणि घरातल्या पोरांनाही होतो. आणि टेबलावर गळ्यात फास अडकवलेलं कुत्रं एकटं सोडून कोणी फोन घ्यायला गेलेलं दिसलं, तर पुढचे प्रश्न विचारायची गरज नाही.

आज रात्री जेवणं झाली की फणी घ्या आणि कानामागे, काखेत, पट्ट्याखाली फिरवून बघा. अडली तर ओढू नका, आंघोळही घालू नका, उद्या पार्लरची वेळ घ्या.

पुढचा लेखांक कानांवर. तोवर कृपा करून त्यांच्या कानात तेल घालू नका.