पोत्याचे वजन आणि पाठीचा कणा

धान्यबाजारात हमाल पोते पाठीवर घेताना दिसला की आपण सहज म्हणतो, "काय ताकद आहे गड्याची!" पण कंबर वाचवायची तर ताकदीपेक्षा पोत्याचे वजन आणि ते कुठून उचलायचे हे महत्त्वाचे ठरते.

वाकून ओझे उचलताना ते कमरेच्या मणक्यापासून जवळजवळ हातभर पुढे असते. ते पेलणारे स्नायू मात्र मणक्याच्या मागे जेमतेम पाच सेंटिमीटरवर. मग तोल राखायला स्नायूंना ओझ्याच्या आठ-नऊ पट जोर लावावा लागतो आणि तो दाब मणक्यांमधल्या चकतीवर येतो. एखाद्या वेळी शरीर हे निभावून नेते. रोज, वर्षानुवर्षे तेच झाले की दुखणे कायमचे मागे लागते.

अमेरिकेतील 'नायॉश' या सरकारी संस्थेच्या सूत्रानुसार सगळे अनुकूल असले तरी उचलण्याची मर्यादा २३ किलो. ओझे घोट्यांपासून २५ ऐवजी ५० सेंटिमीटर लांब गेले, की ती साडेअकरा किलोवर येते. जमिनीवरून उचलायचे किंवा कंबर पिळून वळायचे असेल, तर आणखी कमी.

आपल्याकडे क्विंटलभराचे पोते एकेकाळी सर्रास होते. ते ५० किलोचे व्हावे, ही मागणी हमाल संघटनांनी लावून धरली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा कमाल वजनाबाबतचा १९६७ चा करार भारताने २०१० मध्ये स्वीकारला. त्यासोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची कमाल मर्यादा आहे. पण कायद्यात बसणारे वजन कमरेला मानवेलच असे नाही.

उपाय साधे आहेत. फलाट ट्रकच्या फाळक्याइतका उंच असावा. पोती जमिनीवर न टाकता मांडीच्या उंचीच्या ओट्यावर ठेवावीत. थप्पी खांद्यापेक्षा वर नेऊ नये. अंतर जास्त असेल तर दोनचाकी ढकलगाडी द्यावी. वळताना कंबर न पिळता पावले वळवावीत.

यातले शेवटचे तेवढे हमालाच्या हाती आहे. बाकी सारे मालकाच्या आणि बाजार समितीच्या. आणि आपल्याही. पुढच्या वेळी वर्षाचे धान्य भरताना २५ किलोची पिशवी मिळेल का, एवढे दुकानदाराला जरूर विचारा.