वुल्फ क्रीक खिंडीत ऑक्सिजन किती टक्के?

नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने, बारा दिवसांच्या आत पूर्ण केली. जवळजवळ पाच हजार किलोमीटर सायकल! वाटेत रॉकी पर्वतातली वुल्फ क्रीक खिंड, उंची सुमारे 3,300 मीटर. परभणीत ‘पेट’ची तयारी करणाऱ्यांना मी विचारतो, तिथे ऑक्सिजन किती टक्के? कुणी पंधरा म्हणतं, कुणी दहा. अहो, टक्का तोच, 21. घटतो तो हवेचा दाब, आपल्या परभणीपेक्षा साधारण 30 टक्क्यांनी. त्यामुळे फुप्फुसातून रक्तात ऑक्सिजन कमी जातो, आणि त्याच पायांतून ताकद कमी निघते. प्रपोजलमध्ये नुसतं ‘ऑक्सिजन कमी’ लिहू नका; टक्का की आंशिक दाब, ते लिहा. माझं पहिलं प्रपोजल याच दोन शब्दांवरून परत आलं होतं.