निवड लवकर, वाढ उशिरा

अमेरिकेत फुटबॉल म्हणजे हातात चेंडू घेऊन धावण्याचा, अंगाला भिडण्याचा खेळ. तो खेळणारी शाळकरी मुले सुमारे १० लाख आहेत. त्यांतली फार थोडी मोठ्या महाविद्यालयांच्या संघांत जातात.

ही निवड बहुधा १६-१७ व्या वर्षी होते. या वयात दोन मुलांच्या शारीरिक वाढीत दोन वर्षांचाही फरक असू शकतो. प्रशिक्षक उंची, वजन, वेग मोजतात. त्यामुळे लवकर वयात आलेला मुलगा साहजिकच सरस दिसतो. शिवाय लहान गावातले सामने पाहायला फारसे कोणी जात नाही.

जॉश ॲलन हा कॅलिफोर्नियातील फायरबॉ या शेतीच्या गावचा मुलगा. २०१४ मध्ये शाळा संपली तेव्हा पहिल्या श्रेणीच्या एकाही महाविद्यालयाने त्याला बोलावले नाही. तो रीडलीच्या दोन वर्षांच्या महाविद्यालयात गेला. तिथे त्याचे शरीर भरले आणि पुढे वायोमिंग विद्यापीठाने त्याला घेतले. २०१८ मध्ये व्यावसायिक संघांनी त्याला सातव्या क्रमांकावर निवडले. २०२४ च्या हंगामाचा तो सर्वोत्तम खेळाडू ठरला.

शाळेचा संघ निवडताना म्हणूनच एकाच चाचणीवर विसंबू नये. मुलांची उंची-वजन दर सहा महिन्यांनी नोंदवावी. ज्याची वाढ अजून चालू आहे, त्याला पुढच्या वर्षी पुन्हा मैदानावर बोलवावे.