रान आपले, जबाबदारीही आपलीच



ऊस विकास विभागाकडून या पानावर बेणे, खत आणि पाणी यांपलीकडे सहसा काही येत नाही. या वेळी विषय वेगळा आहे. कारणही तसेच घडले.

मागच्या हंगामात एका सभासदाच्या खोडव्याची तोड चालू होती. आम्ही प्लॉटवर पोचलो तेव्हा टोळीतले चार-पाच वर्षांचे पोर बांधाशी उकिडवे बसून जमिनीतल्या भोकात खडे टाकत होते आणि कान लावून आवाज ऐकत होते. जवळ जाऊन पाहतो तर बंद पडलेली बोअर! वर नुसते गोणपाट आणि दगड. दगड पोराने सरकवलेला. आम्ही त्याला उचलून बाजूला घेतले. मालक तिथेच होते. म्हणाले, "साहेब, रान माझं, बोअर माझी. पोरं फडात आणा म्हणून मी सांगितलं होतं का?"

चटकन उत्तर सुचले नाही. शिवाय मनाला एक गोष्ट बोचत होती. खोडव्याच्या नोंदीला आलो तेव्हा ती बोअर आम्हीही पाहिली होती. आमच्या नोंदवहीत जात, क्षेत्र, तारीख यांचे रकाने आहेत, बोअरचा नाही. म्हणून गप्प बसलो. पुढे तालुक्याच्या एका वकीलसाहेबांकडे बसून हा विषय समजून घेतला. तो आपल्या सर्वांच्या उपयोगाचा आहे.

जबाबदारी कोणाची?

आपल्याकडे यासाठी वेगळा कायदा नाही. न्यायालये मुख्यतः इंग्लंडमधून आलेल्या तत्त्वांवर नुकसानभरपाई ठरवतात. त्यातले पहिले तत्त्व असे, की जागा ज्याच्या ताब्यात, काळजी त्याने घ्यायची. सातबारा कोणाच्याही नावावर असो, खंडाने कसणाराही यातून सुटत नाही.

तोडणी टोळी, गाडीवान, चिटबॉय, वायरमन ही मंडळी आपल्या कामासाठी आपल्या रानात येतात. त्यांना रान वाजवी सुरक्षित मिळाले पाहिजे. इंग्लंडमध्ये १९५७ साली यावर खास कायदा झाला. मुले मोठ्यांइतकी सावध नसतात हे जागेवाल्याने धरूनच चालावे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. नुसती धोक्याची पाटी लावून भागत नाही. त्या पाटीमुळे येणारा माणूस खरोखर सुरक्षित राहिला पाहिजे. आणि फडात आई कोयता चालवत असताना तिचे लेकरू कुठे असणार, हे काय आपल्याला ठाऊक नसते?

न विचारता आला तर?

"चोर शिरला तर त्याचं तो बघेल," असे पुष्कळजण म्हणतात. बिहारमधल्या एका माणसाने शेजाऱ्यांनी आपला संडास वापरू नये म्हणून वाटेवर उघडी तार बांधून तीत वीज सोडली. शेजारची बाई त्यात मेली. बाई परवानगीवाचून आली होती, हा बचाव सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली मानला नाही. आगंतुकासाठीही कोणी जीवघेणा सापळा लावू शकत नाही. त्या माणसाला शिक्षा झाली.

रानडुकरांसाठी उसाभोवती तारेत थेट लाईन सोडणाऱ्यांनी हे नीट वाचावे. हयगयीने मृत्यू घडवल्यास १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. प्रकरण पाहून याहून कडक कलमही लागते. आणि रात्री पाणी पाजायला जाणारा आपला भाऊच त्या तारेला चिकटला तर?

जुनी भिंत, जुनी विहीर

दिल्लीच्या चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळून माणसे दगावली. बांधकाम ऐंशी वर्षांचे. त्या चुन्याचे आयुष्य चाळीस-पंचेचाळीस वर्षांचे. दोष बाहेरून दिसत नव्हता, ही सबब सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली नाकारली आणि महापालिकेला जबाबदार धरले. रस्त्याकडेची पडकी भिंत किंवा ढासळलेला काठडा असेल, तर तो आपल्या हिशेबात घ्या.

२००६ साली हरियाणात कुरुक्षेत्र जिल्ह्यात एक लहान मुलगा बोअरमध्ये पडला. जवळजवळ पन्नास तासांनी तो जिवंत निघाला. सगळ्यांचे नशीब असे नसते. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने उघड्या बोअरबद्दल देशभरासाठी सूचना दिल्या. त्यांतल्या मुख्य अशा :

१) बोअर घेण्यापूर्वी किमान पंधरा दिवस लेखी कळवावे.
२) काम चालू असताना पाटी लावावी आणि भोवती काटेरी तारेचे कुंपण घालावे.
३) केसिंगभोवती सिमेंटचा ओटा करावा व तोंडावर पत्रा वेल्डिंगने किंवा टोपण नट-बोल्टने पक्के बसवावे. मोटार वर काढली तरी तोंड उघडे ठेवू नये.
४) सोडून दिलेली बोअर माती, वाळू, दगडगोटे घालून तळापासून जमिनीपर्यंत भरावी.

खर्चाचा बाऊ करू नये. सहा इंची, तीनशे फूट बोअरला हिशेबाने साठ घनफूट माल लागतो. म्हणजे ब्रासभरही नाही!

त्या सभासदांना आम्ही हा हिशेब कागदावर मांडून दाखवला. ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "माझा नातूबी त्याच बांधावर खेळतो, साहेब." चौथ्या दिवशी बोअर भरली.

आमच्या नोंदवहीत आता पेन्सिलीने एक रकाना आखला आहे : 'बोअर, विहीर, तार'. यंदा नोंदीला येऊ तेव्हा उसाआधी बांध पाहू. तरी सर्व सभासदांनी टोळी रानात उतरण्यापूर्वी आपला बांध एकदा स्वतः फिरून पाहावा, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी